कुंपणापलीकडचं नेट

"काका, शिडी धरा घट्ट," प्रेरणा वरून म्हणाली आणि ड्रिलची घरघर सुरू झाली.

बिसरामनं शिडी धरली. मुर्री गावात कॅमेरा बसवायला कुडव्याहून माणूस येणार म्हणून तो सकाळपासून वाट पाहत होता, आणि स्कूटीवरून उतरली ही पंचविशीची पोरगी. ही काय भिंत फोडणार, असं तो मनात म्हणालासुद्धा. आता मात्र तो मान वर करून तिचं काम पाहत होता. वायर भिंतीत शिरण्याआधी तिनं तिला खाली झोल दिला, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जाईल. मग उतरून घरापुढच्या सपरीत जिथं धानाची पोती असायची तिथं उकिडवी बसली, कॅमेऱ्याकडं एक डोळा मिटून पाहिलं, आणि पुन्हा वर चढून तो बोटभर वाकवला. वा रे पोरी! स्वतःच्या घराचं कामही कोणी इतक्या जिवानं करत नाही.

सपरीतून बियाण्याच्या धानाची दोन पोती गेली त्याला तीन आठवडे झाले होते. बिसरामचा संशय शेजारच्या कवडूवर. पाहिलं कोणीच नव्हतं, पण कुंपणाचं फाटक तिकडं उघडायचं, तेवढं त्याला पुरलं. चाळीस वर्षांची बोलचाल त्यानं त्याच दिवशी तोडली. तेव्हापासून जेवण मात्र गोड लागत नव्हतं.

"तोंड त्या फाटकाकडंच ठेव," तो म्हणाला.

तिनं ठेवलं आणि फोन घेऊन पायरीवर बसली.

"काका, कॅमेऱ्याच्या डब्यातून आलेला पासवर्ड बदलावा लागन. नाई त कोणीबी तुमची सपरी पाहत बसन. पाठ राहीन असा सांगा."

"मले काय पाठ राह्यते?"

"बरं, मागून सांगा. घरात नेट कोणतं हाये?"

"माया फोनात येते ना."

तिनं त्याचा फोन पाहिला.

"हे त बाजूच्या घरातून येऊन राहिलं, काका."

बिसरामचा चेहरा पडला. मागच्या वर्षी कवडूनंच फोन मागून घेऊन काहीतरी जोडून दिलं होतं. तो पार विसरून गेला होता. आता चोर पकडायचा तो चोराच्याच नेटवर! राहू दे म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर प्रेरणानं हाक मारलीसुद्धा.

"ओ काकाजी, तुमच्या वायफायचा पासवर्ड सांगता का?"

कवडू फाटकापाशी आला. त्यानं शिडी पाहिली, कॅमेरा पाहिला, त्याचं तोंड कुठं आहे तेही पाहिलं. मग न अडखळता दहा आकडे सांगून टाकले.

"हा त माया नंबर हाये!" बिसरामच्या तोंडून निघालं.

"मंग? नेटवाला म्हणे, कधी भुलणार नाई असा सांगा. मले दुसरा कोणता पाठ हाये?" कवडू म्हणाला आणि वळला. "तोंड इकडंच राहू दे त्याचं. आमच्या बकऱ्याबी दिसतीन."

बिसरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोरी, फिरव ते. रस्त्याकडं."

प्रेरणाच्या हातात पेचकस आधीच होता. ती चढली, कॅमेरा फिरवला, खाली येऊन फोनवर गावचा रस्ता दिसतो का ते तपासलं.

"झालं. आता तुमचा पासवर्ड सांगा, काका."

बिसराम कुंपणाकडं तोंड करून उभा राहिला आणि खणखणीत आवाजात एकेक करून दहा आकडे बोलला. आपल्या दारात पोचलेला कवडू जागीच थांबला. नंबर कवडूचाच होता.

"काका, हळू! पासवर्ड असा मोठ्यानं सांगत नाई."

"आयकू दे त्याले," बिसराम म्हणाला.