सुंदराबाईच्या तेलाचा ग्राफ

क्रांतीने शिवतेजच्या पाठीवरच्या पुटकुळ्या पुन्हा मोजल्या. काल सतरा होत्या, आज एकोणीस.

"घामोळं हाय त्ये," राहीबाई म्हणाल्या. "मार्च लागलाय. कोपरखैरण्यात मार्चमधी दगडाला बी घामोळं येतं."

राहीबाई म्हणजे क्रांतीच्या सासूबाई. साताऱ्याकडच्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना आत्या म्हणायची आणि त्याच रिवाजाप्रमाणे त्यांचं ऐकायची. म्हणजे ऐकून घ्यायची आणि मग आपल्या मनाचं करायची.

"घामोळं नाही, आत्या. तेल आहे. सरबताच्या जुन्या बाटलीतून सुंदराबाई काय आणतात, आपल्याला माहीत तरी आहे का?"

"खोबऱ्याचं तेल आनती. उरणला तिच्या म्हायेरात माडाची वाडी हाय."

"असं त्या म्हणतात."

राहीबाईंनी हातातली भाजीची जुडी खाली ठेवली. सुंदराबाई गावठाणातून रोज सकाळी आठला यायची, पाय पसरून बसायची, पोराला नडग्यांवर आडवं घालून चोळायची आणि चोळता चोळता राहीबाईंना अख्ख्या कोपरखैरण्याची खबर द्यायची. नातवासाठी गावाहून आल्यापासून, गेल्या सहा महिन्यांत, राहीबाईंना ह्या शहरात मिळालेली ती एकुलती एक मैत्रीण होती. क्रांतीला हे ठाऊक होतं. पण एकोणीस पुटकुळ्याही तिला ठाऊक होत्या.

"मी ते तेल कॉलेजात नेते," ती म्हणाली. "मशीनवर टाकते. भेसळ निघाली तर?"

"तर मीच सुंदरीला उद्यापास्नं येऊ नको म्हनीन. आन् चोख निघालं तर तेलाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं न्हाय. कबूल?"

"कबूल."

क्रांती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्ये शिवतेज झाला होता, त्यामुळे पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र डोक्यातून कुठे गेलं ते तिलाच सापडत नव्हतं. त्यातून इन्फ्रारेड. पदार्थावर अवरक्त किरण सोडायचे; त्यातले तो कुठले गिळतो ते मशीन रेघेने काढून दाखवतं. जिथे गिळलं तिथे रेघेला खाच पडते. खाच कुठल्या आकड्यावर पडली त्यावरून आत कोण बसलंय ते ओळखायचं. ह्या आकड्यांचा तक्ता तिच्या काही लक्षात राहीना, तेव्हा तिने त्यात सासर भरून टाकलं.

तीन हजार चारशेपाशी पसरट खाच, ती आत्या: एका जागी बसल्या तरी आजूबाजूची जागाही त्यांचीच. सतराशे चाळीसच्या आसपास खोल, धारदार खाच, ते सासरे शहाजीमामा: वाशीच्या मार्केटमध्ये तीस वर्षं पोती उचललेला माणूस, घरी आला की कोण आलं हे जिनाच सांगतो. आणि पंधराशेच्या खालचा सगळा गिचमिडाट म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. सगळे एकदम बोलतात, एकाचंही धड कळत नाही, पण ग्रुप कुठल्या सोसायटीचा ते मात्र अचूक कळतं. पुस्तकात ह्या भागाला बोटांच्या ठशांचा प्रदेश म्हटलं होतं.

सतराशे चाळीसची खाच ही खाद्यतेलांची खूण, तर खोबरेल तेलात शहाजीमामा असायलाच हवेत. आणि कुणी खनिज तेल, म्हणजे पॅराफिन, खोबरेल म्हणून विकत असेल तर त्यात मामा नसणार. इतकी सोपी परीक्षा.

तिने औषधाच्या दोन रिकाम्या शिश्या उकळून वाळवल्या. एकीत तिने स्वतः मागवलेलं तेल भरलं. ते ऑनलाइनचं होतं, बाटलीवर हिरवं पान, पानाखाली 'शंभर टक्के शुद्ध नारळतेल, वासविरहित'. संध्याकाळच्या अंघोळीनंतर ती शिवतेजला तेच लावायची. तुलनेला एक चोख नमुना हवा ना! दुसरी शिशी तिने आत्यांच्या हातात दिली, कारण सुंदराबाई बाटली पदराआड घेऊन यायची आणि तशीच घेऊन जायची.

"सुंदराबाई आल्या की ह्यात थोडं तेल काढून ठेवा. त्यांना सांगू नका."

"मी कशाला सांगू?" राहीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत कुणी नाही असं बघून क्रांतीने वहीत नोंद केली: 'नमुना एस-१, नमुना के-१'. मशीनच्या हिऱ्याच्या टिकलीवर आधी सुंदराबाईंचा थेंब टाकला. पडद्यावर रेघ सरकत आली. सतराशे चाळीस आलं आणि गेलं. मामा नाहीत!

क्रांतीला टाळी वाजवावीशी वाटली. पकडलंच सुंदराबाईला! मग टिकली पुसून तिने आपला थेंब टाकला. रेघ सरकली. सतराशे चाळीस आलं आणि गेलं.

"तेल कुणाचं?" मागून आवाज आला.

इन्फ्रारेड शिकवणाऱ्या प्रियदर्शिनी मॅडम. क्रांतीच्या हातून ड्रॉपर सुटला. मग काय, पुटकुळ्यांपासून पैजेपर्यंत सगळं सांगून झालं. मॅडमनी ते परीक्षेच्या उत्तरासारखं शांतपणे ऐकून घेतलं.

"टिकली कशाने पुसलीस?"

"अं... टिश्यूने."

"कोरड्या? म्हणजे आधीच्याचं तेल नंतरच्यात. अल्कोहोलने तीनदा पूस आणि दोन्ही परत लाव."

तिने पुसलं, परत लावलं. तेच. मॅडमनी दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या आणि हसायला लागल्या.

"दोन वेगळी पॅराफिनं सारखीच दिसतात, ते ठीक. पण ह्या बघ, खाली तीन बारीक खाचा. त्यात काहीतरी चिमूटभर मिसळलंय. दोन्हीत त्याच जागी, तेवढ्याच खोल. क्रांती, हे सारखं तेल नाही. हे एकच तेल आहे. दोन शिश्या, एक बाटली."

"पण एक उरणचं आहे आणि एक..."

"वास घे."

"आठ दिवस सर्दी आहे, मॅम. शिवतेजची मला लागली."

मॅडमनी दोन्ही शिश्या हुंगल्या. "खोबऱ्याचा वास एकीलाही नाही. तुझं नाक मोकळं असतं तर मशीन लागलंच नसतं. दुसरी शिशी कुणी भरली?"

"आत्यांनी," क्रांती म्हणाली आणि वहीतलं 'एस-१' खोडून तिथेही 'के-१' लिहिलं.

घरी जाताना ती दोन गोष्टींनी उकळत होती. एक, हिरव्या पानाच्या बाटलीने तिला सरळ सरळ बनवलं होतं. चार महिने ती सुंदराबाईंवर संशय घेत पोराला पॅराफिन चोळत होती. दोन, आत्या. आत्यांनी बनवलं होतं ते जास्त झोंबत होतं आणि जास्त हसूही येत होतं.

हिशेब तिला सुंदराबाईंसमोरच करायचा होता. सकाळी आठला सुंदराबाई येऊन पाय पसरून बसली, शिवतेज तिच्या नडग्यांवर आडवा झाला, तेव्हा क्रांती दोघींच्या मध्ये चहा घेऊन बसली.

"आत्या, रिझल्ट आला. माझं तेल नापास."

राहीबाईंचा चेहरा उजळला. "बग! मी म्हनलंच हुतं."

"आणि सुंदराबाईंचंही नापास. खोबऱ्याचा अंशसुद्धा नाही. नुसतं खनिज तेल."

सुंदराबाईचा हात पोराच्या पाठीवरच थांबला. "कुनाचा तेल नापास?"

"तुमचं. मशीनवर टाकलं मी."

"माज्या बापाच्या उरनच्या वारीतला नारल! मी सोता किसतंय, सोता उकलतंय, आन् तुजी मशीन बोलते खोबरा नाय?" ती राहीबाईंकडे वळली. "राहीबाय, तू सांग ना तुज्या सुनेला! गप का बसलीस?"

राहीबाई चहाच्या कपात बघत होत्या. कपात काही नव्हतं.

"पैज होती आमची," क्रांती अगदी गरीब आवाजात म्हणाली. "भेसळ निघाली तर आत्या तुम्हाला उद्यापासून नको म्हणणार. आत्या, म्हणताय ना?"

आता गंमत अशी, की आत्यांनी काही न बोलता राहायचं तर मैत्रीण जाणार, आणि बोलायचं तर सुनेसमोर नाक जाणार. क्रांती दोन्ही पारडी टक लावून बघत होती. पोराने मात्र मधेच सुंदराबाईच्या बांगड्या धरून जोरात हिसका दिला, मालीश थांबलेली त्याला चालत नव्हती.

"शिशीत सुंदरीचं तेल नव्हतंच," राहीबाई भिंतीला म्हणाल्या.

"मग कुणाचं?" क्रांतीने विचारलं.

"तुजंच! त्या पानवाल्या बाटलीतलं!" आणि मग त्या एकदम क्रांतीवरच घसरल्या. "मी काय करू? मशीन शिकलेल्यांचं. त्ये शिकलेल्यांच्याच तेलाला पास करनार, असं वाटलं मला. घरात किसलेल्या खोबऱ्याला कुठलं सर्टिफिकिट? म्हनलं, तुजंच भरून द्यावं, म्हंजी पास व्हईल आन् सुंदरी ऱ्हाईल. आता तुजंच तेल खोटं निघंल ह्ये मला काय ठाव?"

सुंदराबाईने पोराला उचलून खांद्यावर टाकलं आणि उभी राहिली.

"तू मला वाचवाया माजाच तेल लपवलास? राहीबाय, तुला पन भरोसा नाय ना माजा?"

हे मात्र राहीबाईंना लागलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. क्रांतीला वाटलं होतं की आपण जिंकतोय. आता कुणीच जिंकत नव्हतं.

"चल," सुंदराबाई म्हणाली. "मला दाकव ती मशीन. माजे हातानं टाकन. तुमचे दोगींचे हातात नाय देनार."

असा तो जथा रिक्षातून वाशीला क्रांतीच्या कॉलेजात गेला: क्रांती, आत्या, त्यांच्या मांडीवर शिवतेज, आणि पदराआड सरबताची बाटली घेतलेली सुंदराबाई, जी वाटभर राहीबाईंकडे पाठ करून बसली. प्रियदर्शिनी मॅडमनी दार उघडलं, चौघांकडे बघितलं, आणि काहीही न विचारता टिकली अल्कोहोलने तीनदा पुसून दिली.

सुंदराबाईने करंगळी बाटलीत बुडवून थेंब सोडला. सर्दीतूनही क्रांतीला खोबऱ्याचा वास आला, नाहीतर तसं वाटलं. रेघ सरकत आली. सतराशे चाळीसला ती अशी कोसळली की पडद्याच्या तळाला टेकली.

सुंदराबाईचा चेहरा पडला. "खाली गेली. फेल?"

"ह्या मशीनमध्ये जो खाली जातो तोच पास," मॅडम म्हणाल्या. "हे अस्सल आहे, बाई."

राहीबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी त्या खाचेच्या तळाला बोट टेकवलं.

"सुंदरे," त्या म्हणाल्या, "माजं चुकलं."

सुंदराबाईने आधी बाटलीचं झाकण लावलं, बाटली पदराआड केली, मग शिवतेजला राहीबाईंच्या कडेवरून उचलून आपल्या कमरेवर घेतलं. "उद्या साताला येन. आठला ऊन वारतो, पोराला घाम येते. पुटकुल्या घामानंच हायत, कवाची सांगतंय." आणि क्रांतीकडे वळून, "तू तेलाबद्दल काय बोलनार होतीस?"

क्रांती ओठ मिटून उभी होती. पैजेप्रमाणे तिला बोलता येत नव्हतं.

"नाय ना? बरा," सुंदराबाई म्हणाली आणि प्रिंटरमधून निघालेला कागद घडी घालून बाटलीसोबत पदरात खोचला.