साडेसहा जीबीचे अण्णा

माझा मोबाईल भरला. इतका, की कंपनीचं नवं हजेरीचं ॲप त्यात बसेना. सोमवारपासून हजेरी त्यावरच, नाहीतर खाडा, असं वरून फर्मान आलं होतं. बावीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. समोर धडधडीत उभा असलो तरी मी आलोय की नाही, हे आता मोबाईल सांगणार. डोकंच फिरलं.

रविवारी सकाळी माझी लेक योगिनी मोबाईल घेऊन बसली. कोणाच्या मेसेजनी किती जागा खाल्ली, याची यादी तिने काढली. मला वाटलं, शाळेच्या ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं असतील. तर पहिल्या नंबरला अण्णा. साडेसहा जीबी.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. पिंपळगाव बसवंतला आमची द्राक्षबाग आहे, ती आता धाकटा भाऊ मनोज बघतो. अण्णांची एक पक्की समजूत होती: आपला सोमनाथ कंपनीत दिवसभर मापंच काढतो, म्हणजे द्राक्षाच्या मण्याचं मापही त्यालाच कळणार. मणी फुगायला लागले की रोज सकाळी मला फोटो. एका हातात घड, दुसऱ्या हातात मणी मोजायची भोकाभोकांची प्लास्टिकची पट्टी. मग संध्याकाळी फोन, "मापात हाय का रे?"

फोटोवरून मिलिमीटर कळत नाही, हे मी त्यांना सांगून सांगून थकलो. शेवटी सांगणं सोडलं आणि नुसता अंगठा पाठवायला लागलो. बसमध्ये लोंबकळत, फोटो न उघडताच अंगठा. आज त्याची लाज वाटते.

"पप्पा, सगळं लॅपटॉपवर घेते," योगिनी म्हणाली. "मग इथून उडवून टाकू."

"उडवून टाकू म्हणजे? आजोबा आहेत ते तुझे!"

"आजोबा नाहीत पप्पा, द्राक्षं आहेत. अठराशे वेळा."

आई आठ दिवस राहायला आली होती. ती पलंगावरून म्हणाली, "सोमनाथ, या दोन वर्षांत त्यातले किती बघितले?"

एकही नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"मंग लॅपटॉपात कोंबून काय करशील? दाटी झाली तर एकबी मणी फुगत नाय. आण इकडं, मी करते विरळणी."

विरळणी म्हणजे घड कोवळा असताना कात्रीने जास्तीचे मणी काढून टाकायचे, म्हणजे राहिलेले पोसतात. आईने हे काम चाळीस वर्षं केलं. तिने विरळलेला घड बघायला शेजारचे मळेवाले यायचे. पण तिची कात्री मी लहानपणापासून बघितलेली. निम्म्याहून जास्त मणी मातीत पाडताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. तिच्या हाती अण्णा द्यायचे? मी योगिनीच्या हातातून मोबाईल काढून घेतला.

"नको आई. वडील आहेत ते माझे."

"अन् माझे कोण होते? घडाला एक हात, पट्टीला एक हात. दोन्ही हात त्यांचे गुतलेले. मोबाईल कोण धरायचं मंग?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुकाट्याने मोबाईल दिला.

योगिनीने तिला खूण कशी करायची आणि पुसायचं कसं, ते शिकवलं. "आजी, आधी कॉपी करून घेऊ का?" असंही विचारलं. आई म्हणाली, "खाली पडलेला मणी कुनी परत लावतं का?" आणि चष्मा लावून गॅलरीत बसली.

जेवणं होईपर्यंत अठराशेचे नऊशे झाले. चहाच्या वेळेला तीनशे. मी उगाच गॅलरीच्या चकरा मारत होतो. शेवटी ओरडलोच, "आई, बास! काही ठेवणार आहेस की नाही?"

"रोजचं काम हाय माझं. तू नको शिकवू," ती मान वर न करता म्हणाली.

दिवेलागणीला तिने मोबाईल परत दिला. त्रेसष्ट उरले होते. ॲप झटक्यात बसलं, पण मला त्याचं काही नव्हतं. मी अण्णांचे फोटो उघडले.

एकही घड धड नव्हता. पहिल्या फोटोत हिरवा धुरळा आणि त्यामागे अण्णांची टोपी. दुसऱ्यात नुसतं कोपर. पुढे त्यांची अर्धी मिशी, चिखलाची चप्पल, खिशातून डोकावणारा चष्मा. स्वच्छ, ठसठशीत, मापाला पट्टी लावलेले सगळे घड गायब. तपासणीला माझ्याकडे आले असते तर हे त्रेसष्टच्या त्रेसष्ट मी नापास केले असते.

"आई, घड कुठंयत?"

"घड काय, दर साली येतात."

त्यात बरेच व्हिडिओ होते. साडेसहा जीबी झाले ते अशा शेकडो व्हिडिओंमुळेच. आईचा अंगठा बटणावर दाबलेलाच राहायचा, आणि फोटोऐवजी व्हिडिओ व्हायचा. मी कधी लावूनच बघितला नव्हता. आता एक लावला.

अण्णा घड धरून उभे. करवादले, "अगं, मोबाईल घडाकडं धर की. माझ्याकडं काय धरती?" मोबाईलच्या मागून आई हसली. मोबाईल हलला, पण घडाकडे गेला नाही. अण्णा आणखी काहीतरी बोलणार होते. ते थांबले, सरळ समोर बघितलं आणि लाजले. सत्तरीचा माझा बाप, भर बागेत लाजला.

मला रडू फुटलं. मी माप विचारणारा बाप सांभाळून ठेवला होता, आणि हा माणूस दोन वर्षं माझ्या खिशात असून मला माहीतच नव्हता.

आई सरकून जवळ बसली.

"परत लाव," म्हणाली.