खराब पत्र्याचा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. पत्र्याचा, हातात धरून ओरडायचा. मला वीज लागत नाही की बॅटरी. एका टोकाने बारीक आवाज आत घातला की दुसऱ्या टोकाने तो मोठा होऊन बाहेर पडतो, एवढीच माझी विद्या. गेली पंधरा वर्षे मी कामगार संघटनेच्या कार्यालयात काचेच्या कपाटात उभा आहे. माझ्या पायाखाली मखमल आहे, डोक्यावर छोटा दिवा आहे आणि दर आठवड्याला कोणीतरी येऊन काच पुसते. मग तक्रार कसली, असे तुम्ही म्हणाल. तीच सांगायला बसलो आहे. ऐकून बरे वाटणार नाही, पण गोड बोलणे माझ्या घडणीत नाही.

माझा जन्म या कार्यालयासमोरच्याच कारखान्यात झाला. तिथे डबे बनतात. मोठमोठ्या पत्र्यांवर आधी चित्रे छापतात, मग ते पत्रे प्रेस नावाच्या यंत्राखाली सरकवतात. प्रेस खाली येतो, खाडकन आवाज होतो आणि झाकण कापून बाजूला पडते. कधी छपाई चुकायची. माझ्या पत्र्यावर बिस्किट खाणारे एक गुबगुबीत मूल होते, पण लाल रंग खाली सरकला आणि त्याचे हसू ओठांऐवजी हनुवटीवर उमटले. असा पत्रा डब्याच्या कामाचा नसतो. तो खराब पत्र्यांच्या ढिगात जायचा.

त्या ढिगाची एक रीत होती. शनिवारी पाळी सुटताना ज्याला हवा त्याने एक खराब पत्रा घरी न्यावा. कागदावर कुठे लिहिलेले नव्हते, पण मुकादम स्वतःच ढिगापाशी उभा राहून हाताने उचलून द्यायचा. त्यामुळे वस्तीतल्या प्रत्येक घरात त्या पत्र्यांचे काहीबाही असे. चहाचा मग, सुपली, दिव्याचा आडोसा, कोंबड्यांचे पाण्याचे भांडे. कोणाच्या मगावर अर्धे गुलाबाचे फूल, तर कोणाच्या सुपलीवर उलटी अक्षरे. मुकादमाच्या लग्नात त्याला अशाच पत्र्याची पेटी भेट मिळाली होती. ती माझ्या मावशीनेच बनवून दिली होती.

मावशी म्हणजे डाख देणारी मावशी. डब्याचे दोन काठ वितळलेल्या धातूने सांधायचे, त्याला डाख देणे म्हणतात. वीस वर्षे त्या धुरात काढून तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. शेजारी बसलेल्या बाईलाही तिचे बोलणे दोनदा विचारावे लागे. अशा बाईने कर्णा बनवला, यात काही नवल नाही. पण तिने तो स्वतःसाठी बनवला नाही.

प्रेसवर एक तरुण कामगार होता. काम करताना सतत शीळ घालायचा, म्हणून त्याला सगळे शीळवाला म्हणत. प्रेसपुढे पूर्वी लोखंडी जाळी असायची. हात आत गेला तर जाळी आड यायची. पण जाळी वर-खाली करण्यात वेळ जातो आणि डबे कमी निघतात, म्हणून वरून हुकूम आला आणि जाळ्या काढून टाकल्या. महिनाभरात तीन जणांची बोटे गेली. चौथा शीळवाला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटे झाकणांच्या ढिगात सापडली. त्यानंतर त्याने शीळ घातली नाही.

कामगार आपसात पुष्कळ बोलले. पण बोलणार ते एकमेकांच्या कानाशी. प्रेसच्या आवाजाने निम्मे लोक जवळजवळ बहिरे, उरलेल्यांना ऐकून न ऐकल्यासारखे करायची सवय. त्या शनिवारी मावशीने ढिगातून पत्रा मागितला. मुकादमाने मला उचलून तिच्या हातात दिले. म्हणाला, "घेऊन जा मावशी, नाहीतरी भंगारातच जाणार आहे. काय करणार याचं?"

"बघू," ती म्हणाली. "काहीतरी कामाचं."

रविवारी तिने मला कापले, वळवले आणि सांध्याला डाख दिला. ते चुकलेले हसू बरोबर माझ्या तोंडाशी आले. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाजवळ एका उपड्या खोक्यावर चढली आणि मला तोंडाला लावले. मी पहिल्यांदा बोललो तो शब्द होता, "जाळ्या!" दुसरा, "परत लावा!" मित्रांनो, इतकी वर्षे झाली, पण ते आठवले की माझा पत्रा आजही थरथरतो. प्रेसवरच्या बहिऱ्यांनी माना वर केल्या. ज्यांना माणसाचे बोलणे ओठांवरून वाचावे लागे, त्यांना त्या दिवशी कानाने ऐकू आले. शीळवाला पुढे आला. त्याने मला डाव्या हातात धरले, पण त्याला अजून डाव्या हाताची सवय नव्हती. मी खाली पडलो आणि माझ्या काठाला पोचा पडला. तो पोचा मला सगळ्यांत प्रिय आहे.

मंगळवारी सकाळी फाटकावर कागद लागला. डाख देणाऱ्या बाईने कारखान्याचा एक पत्रा चोरला, सबब तिला कामावरून कमी करण्यात येत आहे. साक्षीदार म्हणून सही होती मुकादमाची.

मावशीने तो कागद दोनदा वाचला. ती रडली नाही, तिने हात पदराखाली घेतले. "वीस वर्षांत," ती म्हणाली, "मी डाखाचा एक थेंबही घरी नेला नाही रे." मावशी चोर नाही असे कोणीतरी मोठ्याने म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

आणि म्हटले! तेवढे श्रेय मी माणसांना देतो. बुधवारी सकाळी कोणी आत गेले नाही. प्रत्येकाने घरातली पत्र्याची वस्तू आणली आणि फाटकापासून कोपऱ्यापर्यंत रस्त्याच्या कडेने मांडली. चहाचे मग, सुपल्या, आडोसे, एक खेळण्यातली गाडी, कुत्र्याची थाळी. एक म्हातारा तर नातवाचा पाळणा घेऊन आला, त्याच्या तळाला पत्रा ठोकलेला होता. मावशी चोर असेल तर आम्ही सगळे चोर, हे सांगायला मग पाळीपाळीने एकेकाने मला तोंडाला लावले. मुकादमाची बायकोसुद्धा ती लग्नातली पेटी डोक्यावर घेऊन आली आणि नवऱ्याच्या खिडकीखाली आपटून गेली. मावशीने मग खोक्यावर चढून सांगितले, "मी आत गेले तरच तुम्ही आत जायचं, असं काही नाही हं." त्यावर सगळे ओरडले, "तुझ्याशिवाय नाही!" मी ते ऐकले आहे. माझ्याच तोंडाने ते बोलले आहेत.

चौथ्या दिवशी कारखान्याचे इंजिनिअर बाहेर आले. म्हणाले, सगळ्या प्रेसना जाळ्या बसवल्या आहेत, आत येऊन बघा. पत्र्याच्या चोरीची चौकशी मात्र चालू राहील.

एकाने खाली वाकून आपला चहाचा मग उचलला. त्याच्यामागे दुसऱ्याने सुपली उचलली. कोणी मावशीकडे पाहत नव्हते. "पुढच्या वेळी तुझं बघू मावशी," असे पुटपुटत एकेक जण फाटकातून आत गेला. शीळवालाही गेला, त्याला हलके काम देऊ केले होते. दुपारपर्यंत रस्ता रिकामा झाला. मावशी खोक्यावर बसून होती. शेवटचा माणूस आत जाताना ती एवढेच म्हणाली, "हात सांभाळा रे."

ती पुढची वेळ तिच्या हयातीत आली नाही. चोरीचा शिक्का बसलेल्या बाईला दुसऱ्या कारखान्याने दारातही उभे केले नाही. ती घरी बसून वस्तीतली गळकी भांडी सांधून द्यायची. भांडी आणणारे तेच, जाळीमागे दहाही बोटे शाबूत ठेवून काम करणारे. ते तिला मान द्यायचे, तब्येत विचारायचे, हसून जायचे. कागदावरचा शब्द खोडायला मात्र कोणाला सवड झाली नाही. मी तिच्या खाटेखाली उपडा पडून होतो. माझ्यात कोळ्याने जाळे विणले. मला राग येत होता, आणि तो मी लपवणार नाही.

तरी खरे ते सांगायला हवे. त्या जाळ्यांनी पुढे तीस वर्षे बोटे वाचवली. किती, ते मला सांगता येणार नाही. तुटलेले बोट सगळ्यांना दिसते, वाचलेल्या बोटाकडे कोण बघतो? चार दिवस रस्त्यावर उभे राहिल्याने काय होते, असे कोणी विचारले तर त्याला त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे हात दाखवा.

मावशी गेली आणि मग सगळ्यांना तिची आठवण आली. संघटनेचा मोठा वर्धापनदिन होता. मला खाटेखालून काढले, घासले आणि सोनेरी रंग दिला. ते मूल आणि त्याचे घसरलेले हसू त्या रंगाखाली गेले. खाली पाटी लावली, 'लढ्याचा आवाज : कामगारांनी स्वतः घडवलेला कर्णा'. मावशीचा उल्लेख नाही. चोरीचा कागद अजून तसाच आहे ना, मग नाव कसे घालणार? वर्षातून एकदा माझ्याशेजारी उभे राहून पुढारी फोटो काढून घेतात. शाळेची मुलेही येतात. एकाने विचारले, "बाई, हा आइस्क्रीमचा कोन आहे का?" बाई म्हणाल्या, "हात लावू नका." माझे सगळे आयुष्य त्या तीन शब्दांत आले.

आता गेल्या सोमवारचे ऐका. दुपारी दार उघडून एक मुलगी आत आली. मावशीची नात. नाकडोळे मावशीचे, आवाजही तसाच बारीक. ती समोरच्याच कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. तिच्या डाव्या हाताला पट्टी होती आणि त्या हाताला तीनच बोटे होती.

टेबलामागे संघटनेचे सरचिटणीस बसले होते. हे शीळवाल्याचे चिरंजीव.

"काका, आज पाळी सुटताना आम्हाला गेटवर बोलायचंय," ती म्हणाली. "तेवढ्यापुरता कर्णा द्या. संध्याकाळी परत आणून देते."

"अगं, चांगला बॅटरीचा भोंगा आणा की. परवानगी काढा."

"तीन अर्ज केले. विजेच्या भोंग्याला परवानगी नाही म्हणतात. पत्र्याच्या कर्ण्याला परवानगी लागतच नाही. आजीला कुठे लागली होती?"

सरचिटणीस हसले. "ते दिवस वेगळे होते, ताई. तेव्हा अन्याय होता."

तिने तो हात उचलून टेबलावर ठेवला. "मग हे काय आहे?"

ती सांगत गेली. आता जाळ्यांच्या जागी प्रकाशाचा डोळा आहे. हात आत गेला की डोळ्याला कळते आणि प्रेस थांबतो. पण सारखा थांबला की डबे कमी निघतात, म्हणून डोळ्यांवर चिकटपट्टी लावली आहे. तिच्या अपघाताच्या कागदावर लिहिले, 'स्वतःचा निष्काळजीपणा'. आणि तिच्या जागी दुसऱ्याच दिवशी तिची मावसबहीण उभी केली. चिकटपट्टी तशीच आहे.

"मला माझी बोटं परत नकोत, काका. तिची राहू देत, एवढंच ओरडायचंय. माझा आवाज गेटवरच्या गोंगाटात पोचत नाही."

"वाईट झालं. मनापासून सांगतो. पण तुम्ही कंत्राटी, आमच्या संघटनेत बसत नाही. आणि ही ऐतिहासिक वस्तू आहे. उद्या पोचा पडला तर जबाबदार कोण?"

"पोचा आधीच आहे. तुमच्या बाबांनी पाडलेला. आजी सांगायची."

सरचिटणीसांनी माझ्याकडे पाहिले. खणातून किल्ली काढली, बोटांत फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर मला क्षणभर शीळवाला दिसला. वाटले, हा उठणार. माझा पत्रा आतून तापला. मग त्यांनी किल्ली खणात ठेवली आणि खण हलकेच लोटला.

"पुढच्या वेळी नक्की बघू," ते म्हणाले.

जाताना ती माझ्यासमोर थांबली, काचेवर तळवा टेकवला. मग गेली. कोणीतरी लगेच येऊन तो ठसा पुसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, टाकून देऊ नका. मी उलटे मागणे मागतो. मला जपू नका. मला घेऊन जा, वापरा, आपटा, फुटलो तर दुसरा बनवा. खराब पत्रे अजून निघतात. जपून जपूनच या लोकांनी माझा घसा दाबला. आणि ज्याने तुमच्यासाठी तोंड उघडले त्याला रस्त्यावर एकटे बसवून आत जाऊ नका, जाळ्या लागल्या तरीसुद्धा.

कपाट खिडकीशी आहे, त्यामुळे मला फाटक दिसते. त्या संध्याकाळी पाळी सुटली. सहा-सात मुली आणि त्यांच्यापुढे ती, उपड्या खोक्यावर. तिने दोन्ही हातांचा कर्णा करून तोंडाला लावला आणि ओरडली. उजव्या हाताकडून आवाज पुढे गेला. डाव्या हाताला दोन बोटांची फट होती, तिथून तो बाहेर पडून वाऱ्यावर जात होता. माणसे शेजारून निघून जात होती, काही जण थांबत होते, कानामागे हात धरत होते, त्यांना ऐकायचे होते. ती पुन्हा ओरडली. ती फट मी सहज झाकली असती. मी रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर, दिव्याखाली झळकत उभा होतो.