चालणार कोण

सुचित्रा परबने तक्त्यातल्या एका रिकाम्या रकान्याभोवती लाल पेनने गोल केला आणि कागद योजना आखणाऱ्या हितेंद्रपुढे आपटला.

"दुसरा कुत्रा कुठं गेला?"

"मॅडम, ऐका ना. पेरणीच्या आत शेतं द्यायचीत. एकाच कुत्र्याने केलं तर अर्ध्या दिवसांत होतंय. आपले कुत्रे एकदम टॉप आहेत."

सुचित्राची कानशिलं तापली. परदेशात युद्ध संपलेल्या खोऱ्यांतून भूसुरुंग शोधायचं काम तिने नऊ वर्षं स्वतः कुत्र्यांबरोबर केलं होतं. वास आला की कुत्रा बसतो. जमिनीचा एकेक पट्टा दोन कुत्र्यांनी वेगवेगळा हुंगायचा, दोघेही न बसता पुढे गेले तरच तो मोकळा. कुत्राही जीवच, त्यालाही ऊन लागतं, कंटाळा येतो. पण परळच्या अकराव्या मजल्यावरून शेळ्या हाकायला उंटसुद्धा लागत नाही. या शहाण्याने सुरुंग पाहिला होता तो फोटोत.

"एखादा सुटला तर?"

"नाही सुटणार. सही करा ना, आज पाठवायचंय."

तिने शेवटचं पान काढलं. त्यावर जमीन परत द्यायच्या दिवसाचा तपशील होता. त्या दिवशी पथकातलं कुणीतरी गावकऱ्यांदेखत सगळं शेत आडवंतिडवं चालून दाखवतं, त्याशिवाय गाव तिथे पाय ठेवत नाही. 'चालणार' या शब्दापुढे तिने ठसठशीत अक्षरांत 'हितेंद्र' लिहिलं.

तो हसला. तिचा चेहरा पाहून थांबला.

"माझं काय काम तिथं?"

"योजना तुझी. कुत्रे टॉप."

"काय मॅडम. शिवाचं नाव टाका ना. दरवेळी तोच चालतो की."

शिवा तिच्या जुन्या पथकातला. मागच्या सहाही योजनांत त्याचंच नाव होतं, आणि ते लिहिलं होतं तिने. त्याला विचारावं असं तिला एकदाही सुचलं नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली.

तिने 'हितेंद्र' खोडून खाली 'सुचित्रा परब' लिहिलं.

"आणि सही?"

"दुसरा कुत्रा घाल. मग सही."

तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत लॅपटॉपकडे वळला. ती खिडकीशी गेली आणि तिने फोन लावला. शिवा रजेवर भायखळ्याला घरी होता.

"बोला ताई," तो म्हणाला. "कितव्या तारखेला चालायचंय?"