बाबांचा कॉम्प्युटर नवा झाला

"जुन्या, ओळखीच्या वस्तू त्यांच्यासमोर ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. "एखादवेळेस बोलतील."

बाबांनी बोलणं सोडून बरेच महिने झाले होते. मुलाला ते ओळखत नव्हते. सुनेला नर्स समजत होते, आणि खरी नर्स परवडत नसल्यामुळे तिनंही ती समजूत चालवून घेतली होती. मुलाची अपेक्षा फार नव्हती. बाबांनी जाण्याआधी त्याच्याशी एकदा बोलावं, एवढंच. "पंखा बंद कर" म्हणाले असते तरी चाललं असतं.

माळ्यावर बाबांचा ऑफिसातला कॉम्प्युटर होता. ऑफिसनं तो भंगारात काढला, तेव्हा आईला दवाखान्यात बसनं नेणाऱ्या बाबांनी त्याच्यासाठी टॅक्सी केली होती. आता त्याच्या प्लास्टिकला कावीळ झाली होती. पडद्याच्या दोन काचांमधला गोंद नासून पांढरे डाग पडले होते. जुने मेकॅनिक त्याला मोतीबिंदूच म्हणतात.

मुलाला कुठलंही काम अर्धवट सोडायची सवय नव्हती. त्यानं पुढची काच गरम करून, पातळ तारेनं गोंद कापत कापत सोडवली. बाबांचा मोतीबिंदू डॉक्टरांनी गप्पा मारता मारता काढला होता. यानं बोटांची सालटी काढली. मग फुगलेले कपॅसिटर बदलले, तशी हिरवी अक्षरं पुन्हा ठसठशीत उमटली. शेवटी सगळ्या प्लास्टिकला केसांचं ब्लीच चोपडून, वर पातळ प्लास्टिक गुंडाळून, ते गच्चीवर उन्हात ठेवलं आणि चट्टे पडू नयेत म्हणून फिरवत बसला.

"लग्नानंतर मला एवढं फिरवलं नाहीस," बायको म्हणाली.

"तू पिवळी कुठे पडलीस?"

"बघ जरा नीट."

मशीन दुधासारखं पांढरं निघालं. डॉक्टरांनी जुनी वस्तू ठेवायला सांगितलं होतं. यानं ती नवीकोरी करून ठेवली. हौसेला अक्कल नसते.

दुपारी बाबांना समोर बसवून त्यानं बटण दाबलं. बाबा पडद्याकडे बघत राहिले. मग कुणाचाही आधार न घेता उठले आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"आलं वाटतं मशीन, साहेब."

मुलगा चटकन पुढे झाला. "आलं," तो म्हणाला.

"म्हणजे आता दोघांतला एकच राहणार. मी नाहीतर लंबू."

लंबूकाका बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसत. लहानपणी मुलगा त्यांच्या खांद्यावर बसून सगळं गाव बघून आला होता. मशीन आलं त्या वर्षी त्यांची नोकरी गेली आणि पुढे त्यांनी विष घेतलं. बाबांनी त्यांना खांदा दिला. घरात सांगायचे, लंबूचा स्वभावच तिरसट, त्यानं आपणहून सोडली.

"गेल्या महिन्यातला हिशेबाचा घोळ लंबूचाच," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलंय."

"खरं सांगताय?"

"साहेब, मला लहान मुलगा आहे हो. लंबूच्या मागे कोणी नाही. त्याचं काय, कसंही निभेल."

"बाबा, अहो, मी तुमचा मुलगा."

बाबांचा चेहरा पडला. "नोकरीवर बेतलंय, साहेब. थट्टा नका करू."

ते अजून उभेच होते. मुलानं खांदे धरून बसवायचा प्रयत्न केला, पण उत्तर मिळाल्याशिवाय साहेबांपुढे बसायची त्यांची तयारी नव्हती.

"ठीक आहे," मुलगा म्हणाला. "तुम्ही राहा."

बाबा लगेच बसले. "आणि लंबू?"

"त्याचं बघतो आम्ही."

"त्याला माझं नाव नका सांगू. माणूस चांगला आहे."

"नाही सांगणार."

बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदाच.

बायको हात पुसत बाहेर आली. "आवाज येत होता. बोलले का काही?"

"नाही."

"मशीन बघून काहीच वाटलं नाही त्यांना?"

"नवं वाटलं," तो म्हणाला.