पेसलच्या भट्टीचं आडनाव

दोलिनका गावातल्या ज्यूंना आडनावं नाहीत याची काळजी इतक्या पिढ्यांत कुणालाच लागली नव्हती. ती अखेर व्हिएन्नाच्या सम्राटांना लागली. बिचाऱ्यांना झोप येत नसणार! आडनाव नसलेल्या माणसाला सैन्यात ओढायचं तरी कसं? म्हणून त्यांच्या गॅलिशिया प्रांतात गावोगाव कारकून सुटले. दोलिनक्याच्या वाट्याला वेन्त्सेल साहेब आला. मोठा हुशार माणूस. शिंप्याला श्नायडर म्हणजे शिंपी, जोडे शिवणाऱ्याला शुस्टर म्हणजे जोडे शिवणारा, अशी डोकं खाजवून खाजवून आडनावं देत त्यानं दुपारपर्यंत अर्धं गाव उरकलं. एवढी अक्कल चालवायचा त्याला पगार मिळत होता.

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं, पण वहीत शेवटी एक वेगळं पान होतं. ज्या घरच्या पुरुषाला धंदा नाही तो भिकारी, आणि भिकाऱ्याचं बिऱ्हाड आठ दिवसांत सरहद्दीपलीकडे. शेजारच्या गावातली तीन बिऱ्हाडं गेल्याच महिन्यात भर बर्फात गाडीवर चढवली होती. पेसलनं ती गाडी जाताना पाहिली होती. तिच्या घरचा पुरुष म्हणजे झेलिक.

बावीस वर्षं पेसल भट्टी चालवत होती आणि बावीस वर्षं झेलिक अभ्यासघरात तल्मूद हा धर्मग्रंथ वाचत होता. रीतच होती तशी. विद्वान नवरा पोसणं हा बायकोचा मान, आणि मान एकदा गळ्यात पडला की परत देता येत नाही. सगळं गाव त्याला ‘पेसलचा झेलिक’ म्हणायचं. पावाचा नियमशास्त्रात कुठे कुठे उल्लेख आहे हे तो तीन दिवस न थांबता सांगू शकला असता. पाव भट्टीत कसा जातो हे मात्र त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

“अहो, साहेबानं विचारलं तर ‘बेकर’ म्हणायचं. एवढा एकच शब्द,” पेसलनं त्याला सकाळीच बजावलं होतं.

“अगं, पण मी नाही ना बेकर.”

“रोज तीन पाव खाता ना?”

“खाणं वेगळं, करणं वेगळं. सरकारी दप्तरात खोटं कसं सांगू?”

“मग सरहद्दीपलीकडे जाऊन खरं सांगा. तिथले लांडगे मन लावून ऐकतील.”

साहेब आला तेव्हा काथवटीत साठ पावांची कणीक फुगून वर आली होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यानं खुर्ची ओढली, वही उघडली.

“काम काय करतोस?”

“तल्मूद शिकतो,” झेलिक म्हणाला.

“आणि शिकून झाल्यावर?”

“शिकून होत नाही, साहेब.”

साहेबानं शांतपणे वहीचं शेवटचं पान काढलं. पेसल घाईनं पुढे झाली.

“बेकर आहेत हो ते, साहेब! लाजतात जरा!”

“असं? मग करून दाखवू दे. तू बाजूला हो, बाई. हात लावायचा नाही.”

झेलिक काथवटीपुढे उभा राहिला. कणकेकडे बघितलं. कणकेनं काही मदत केली नाही. मग त्यानं त्याला येत होतं तेवढंच केलं. धर्माच्या रीतीप्रमाणे भाजण्याआधी कणकेतला एक गोळा बाजूला काढायचा, आशीर्वचन म्हणायचं आणि गोळा आगीत टाकायचा. एके काळी तो जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहितांचा वाटा होता. मंदिर गेलं, वाटा राहिला. हा मान खरा घरच्या बाईचा, आणि पेसलनं तो गोळा सकाळीच काढून जाळला होता. पण झेलिकला हे कुठलं ठाऊक असायला? त्यानं हात धुतले, अंड्याएवढा गोळा तोडला, डोळे मिटून पुटपुटला आणि गोळा भट्टीत पार आत भिरकावला. तो फुगला, तडकला, काळा पडला. पुरता जळेपर्यंत झेलिक टक लावून बघत राहिला, कारण नियम तसा आहे.

“वा!” साहेब खुर्चीतून उठलाच. “भट्टीचा ताव बघितलास! माझे आजोबा बेकर होते, तेही पहिल्यांदा असाच गोळा टाकायचे. शिकवून येत नाही हे!”

झेलिकनं खुलासा करायला तोंड उघडलं. पेसलनं सगळं वजन टाकून त्याच्या पायावर पाय दिला.

साहेबानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “झेलिक बेकर. धंदा, बेकर. समक्ष खात्री केली. बायको पेसल. कामधंदा नाही.”

“नाही?” पेसल म्हणाली.

“नवरा एवढा कसबी असताना तुला कशाला हवा?” जाता जाता त्यानं फळीवरचे दोन पाव काखेत मारले, एकाचा तुकडा तिथेच तोंडात टाकला. “हाताला चव आहे हो तुझ्या, बेकर!”

दार लागलं. झेलिकनं हळूच विचारलं, “पेसल, तू गोळा आधीच काढला होतास का गं?”

“सकाळीच.”

तो मटकन खाली बसला. “म्हणजे आशीर्वचन वाया गेलं! देवाचं नाव फुकट घेतलं मी! आणि वर दप्तरातही खोटं लिहिलं गेलं. आता ते खरं कसं करायचं?”

घर वाचलं होतं. पेसलला हवं होतं तेच झालं होतं. तरी तिला फार वाईट वाटलं. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग पडलेले आपले हात तिनं एकदा बघितले. मग एप्रन सोडून नवऱ्याच्या गळ्यात अडकवला, त्याचा ग्रंथ उचलला आणि घरातल्या त्याच्या वाचायच्या जागेवर जाऊन बसली.

“अगं, हे काय?”

“मला कामधंदा नाही. सरकारचा शिक्का आहे. साठ पाव व्हायचेत, बेकर.”

“मला येत नाही गं!”

“मला तरी कुठे येत होतं? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या आईनं याच काथवटीपुढे उभं केलं. सोळा वर्षांची होते.”

झेलिक उठला. बाह्या वर सारल्या, कणकेत हात घातला.

“पेसल,” बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “एका पावाला गोळा केवढा घ्यायचा?”

पेसलला त्या ग्रंथातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं सावकाश पान उलटलं.

“थांबा हं,” ती म्हणाली. “इथे लिहिलं असेल.”