लुगड्याच्या नावावर फिरलेला रहाट

मी एक जुना रहाट आहे. नागपुरात सक्करदऱ्याच्या धापोडकर घराण्याची अब्रू मी पन्नास वर्षं खांद्यावर वाहिली. मित्रांनो, हे वाक्य मी फार दिवसांपासून घोटून ठेवलं होतं. रहाटाला खांदा नसतो आणि धापोडकरांची अब्रू माझ्या आधीपासून त्या घरात होती, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी फक्त फिरत होतो.

उमरेडच्या एका सुताराने मला सागवानात घडवलं. देवाजी धापोडकर हातमागावर लुगडी विणत आणि घरच्या बाया-पोरं मला हाताने फिरवून मागासाठी सुताच्या कांड्या भरत. देवाजींचं लुगडं वीस वर्षं फाटत नाही, असं पार काटोल-नरखेडपर्यंत बोललं जाई. ते खरंही होतं. लुगड्याची गोधडी झाली तरी काठ शाबूत असे. कांडी सैल भरली की धागा तुटतो, आणि माझ्यावर ती कधी सैल भरली गेली नाही. पण लुगड्याची तारीफ करताना रहाटाकडे कोणी बघत नाही. सवय झाली.

पुढे गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझी दोरी खाल्ली. सहासष्ट साली देवाजींचा मुलगा मनोहर विजेच्या मोटारींचं काम शिकून आला. नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागांत तेव्हा विहिरींवर पंप बसत होते, विजेच्या तीन फेजपैकी एखादा अधूनमधून दांडी मारी, आणि मोटारी जळत. जळालेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. मनोहररावांनी मला खाली काढलं, लोखंडी दांडा बसवला, फेरे मोजणारं मीटर लावलं. माझ्यावर सुताऐवजी तांबं चढलं. लहानपणी हजारो कांड्या भरलेला तो हात. एका फेऱ्याचीही चूक होत नसे.

पुढच्या खोलीत दुकान थाटलं. बोर्डावर लिहिलं, ‘देवाजी धापोडकर अँड सन’. पहिलं गिऱ्हाईक काटोलहून एसटीच्या टपावर मोटार टाकून आलं. त्याने मनोहररावांना विचारलं, “देवाजीचा पोरगा ना गा तू?” हो म्हटल्यावर मोटार खाली ठेवली. काम येतं का, हे विचारलं नाही. मनोहररावांना आनंद झाला. दहाव्या गिऱ्हाइकानेही तेच विचारलं, तेव्हाही झाला. शंभराव्याला त्यांनी नुसती मान हलवली.

देवाजी दाराशी खुर्ची टाकून बसत. विजेला ते इतके घाबरत, की बल्ब लावायचा तरी सूनबाईला, पुष्पलताबाईंना, हाक मारत. पण भरलेली मोटार गिऱ्हाईक आधी त्यांच्यापुढे ठेवी. देवाजी तारेवरून अंगठा फिरवत, लुगड्याच्या काठावरून फिरवावा तसा, आणि “जमलं” म्हणत. मगच ती उचलली जाई. जुन्या सवयीने ते वर असंही सांगत, की वीस वर्षं काही होत नाही.

लोकांनी याची गॅरंटी केली. तिसऱ्या महिन्यात जळलेली मोटार घेऊन माणूस परत येई. मनोहरराव फेज कसा जातो ते समजावून सांगत. तो त्यांच्या खांद्यावरून खुर्चीकडे बघत राही.

“बाप जबान देते, अन् तू मले फेज सांगून राहिला?”

आणि खुर्चीतून हुकूम येई, “भरून दे त्याले. नावाचा सवाल आहे.”

मोटार फुकट पुन्हा भरली जाई. गिऱ्हाईक गावी जाऊन देवाजींच्या सचोटीची गोष्ट सांगे आणि चार नवी गिऱ्हाइकं येत. नावाने धंदा वाढतो तो असा. बोटं कापत होती मनोहररावांची आणि आस झिजत होता माझा.

एकदा जेवताना ते बायकोला म्हणाले, “एक गिऱ्हाईक माह्या नावानं यावं. एकच. त्या दिवशी बोर्ड बदलतो.”

“बोर्ड बदलाले डबाभर रंग लागते,” पुष्पलताबाई म्हणाल्या. “गिऱ्हाईक बदलाले काय लावान?”

मनोहररावांनी उपाय केला. वडिलांना उमरेडला बहिणीकडे महिनाभर हवापालटासाठी पोचवलं. गिऱ्हाइकं आली. त्यांनी रिकामी खुर्ची पाहिली, चहा घेतला, म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली आणि तो आला की येतो म्हणून मोटारी परत नेल्या. माळ्यावरून उतरल्यापासून मला एवढी विश्रांती कधी मिळाली नव्हती. अठराव्या दिवशी मनोहरराव स्वतः उमरेडच्या गाडीत बसले. देवाजी परतले त्याच दुपारी तीन मोटारी आल्या.

अठ्ठ्याहत्तर साली देवाजी गेले. खुर्चीच्या जागी हार घातलेला फोटो लागला. आता तरी, असं मला वाटलं. पण गिऱ्हाइकं भरलेली मोटार फोटोपुढे धरू लागली. फोटो काही बोलत नसे. लोक तो होकार समजत.

आणि मग एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात नरखेडकडचे बाबनराव नावाचे एक शेतकरी मोटार घेऊन आले. त्यांनी विचारलं, “मनोहरराव कोण आहे?”

मनोहररावांना वाटलं, तक्रार आहे. त्यांनी दबकत सांगितलं, मीच.

बाबनराव म्हणाले, सात वर्षांपूर्वी इथेच ही मोटार दिली होती. दुकानात तेव्हा कोणी म्हातारा नव्हता, लग्नाला गेला होता म्हणे. तेव्हापासून दोन बागा भिजवल्या, एकदा बंद पडली नाही. आता जराशी गुरगुरते, म्हणून आणली.

“देवाजीचा मी पोरगा,” मनोहररावांनी सवयीने सांगून टाकलं.

“असान. तुमचा बाप मले नाही माहीत,” बाबनराव म्हणाले. “मले तुमच्या हातचं काम माहीत आहे.”

मनोहररावांनी पुष्पलताबाईंना आतून बोलावलं आणि बाबनरावांना तेच पुन्हा सांगायला लावलं. चहाबरोबर चिवडा आला. पाव्हणे गेल्यावर पेंटरला निरोप धाडला. त्याने दुपारीच जुना बोर्ड उतरवला, खरवडला आणि कोऱ्या पत्र्यावर ‘मनोहर’ इतकं लिहून रंग वाळायला ठेवला. मला तेलाचे चार थेंब मिळाले. पंधरा वर्षांत न मागता मिळालेले ते पहिलेच.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मुकाट्याने नीट काम करत असेल, तर ते त्याच्या नावानिशी सांगा, आणि तो जिवंत असताना सांगा. रहाटासारख्या मुक्या वस्तूलाही वेळच्या वेळी तेल द्या. आम्ही कुरकुरतो तेव्हा उशीर झालेला असतो.

मग मनोहररावांनी माझ्याजवळ बसून बाबनरावांच्या मोटारीचे चार बोल्ट काढले. तार अजून कंपनीतून आली तशीच होती. सात वर्षांपूर्वी त्यांनी फक्त बेअरिंग बदललं होतं.